यकृत बिघडलेल्या कुत्र्याची शुश्रूषा

घरचा कुत्रा अन्नावरून उठतो, वरचेवर ओकतो, डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या पिंवळ्या दिसूं लागतात, तेव्हां यकृताचा संशय घेऊन पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यांतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हें या विकाराचें एक कारण. बुरशी आलेला मका वा भुईमूग हें दुसरें. तिसरें कारण मात्र कित्येकदां घरच्याच मायेंत असतें. अंग तापलें म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्यास दिली जाते आणि ती त्याच्या यकृतास विष ठरते.

आजाऱ्यास लंघन हा घरोघरचा जुना उपाय; येथें तो उलटतो. यकृत आपली झीज आपणच भरून काढूं शकतें. परंतु त्यास प्रथिनें हवींत. म्हणून मांस, अंडीं सरसकट तोडून नुसत्या पेजेवर ठेवूं नये. प्रथिनांपासून होणारा अमोनिया दुबळ्या यकृतास आवरेनासा झाला, म्हणजे तो मेंदूस बाधतो. कुत्रा भ्रमिष्टासारखा भिंतीस डोकें टेकून उभा राहतो. अशा वेळींच, आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानें, प्रथिनें बेतानें द्यावींत. लॅक्ट्युलोज हें सारक औषध आंतड्यांतील अमोनिया रक्तांत शोषला जाऊं देत नाहीं.

अन्न दिवसांतून चार-पांच वेळां, थोडें थोडें द्यावें. पोटांत पाणी झाल्यास मीठ टाळावें. लेप्टोस्पायरोसिस माणसासही होतो. सबब मूत्र पुसतांना हातमोजे घालावेत. यकृत सावरण्यास कित्येक आठवडे लागतात. कुत्र्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तें रोज पाहून ओळखणें घरच्यांसच भाग आहे.