भिंतीला रंग देण्यापूर्वीं

दसरा जवळ आला कीं डहाणू रोडच्या बाजारांत कुंचले, चुन्याच्या पिशव्या आणि रंगाचे डबे दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन बसतात. दिवाळीच्या आंत घर रंगवून व्हावें, ही मराठी गृहिणीची जुनी हौस आहे आणि ती स्वाभाविकहि आहे. परंतु समुद्रकांठच्या गांवीं हाच मुहूर्त भिंतीला प्रतिकूल असतो. पावसाळ्याचे चार महिने भिंत पाणी पीत असते. आश्विनांत हात लावून पाहिल्यास ती कोरडी वाटते, पण विटांच्या पोटांत ओल शिल्लक असते. तिच्यावर रंग चढविला म्हणजे संक्रांतीच्या सुमारास फुगे येतात आणि शिमग्यापर्यंत पापुद्रे गळूं लागतात. दोष मग रंगाऱ्याच्या माथीं मारला जातो. पुष्कळदां तो त्याचा नसतो.

ओल भिंतींत एकटी राहत नाहीं. वीट, वाळू व सिमेंट ह्यांत क्षार असतात. खाडीची वाळू न धुतां वापरली असेल तर अधिकच. पाणी भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येऊन उडून जातें आणि क्षार मात्र स्फटिकरूपानें पृष्ठभागाशीं राहतात. भिंतीला लोणा लागला असें म्हणतात तो हाच. हे स्फटिक वाढतांना रंगाला आंतून ढकलतात, म्हणून पोपडा सुटतो. लोणा ओल्या फडक्यानें पुसूं नये, कारण विरघळलेला क्षार पुन्हां भिंतींतच शिरतो. तो कोरड्या ब्रशानें झाडून काढावा. ओल भिंतीची कीं हवेची, हें ओळखण्याची एक सोपी रीत आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनीं भिंतीला घट्ट चिकटवावा व एका दिवसानें पाहावा. कागदाच्या भिंतीकडील अंगास दंव दिसलें तर ओल भिंतीची, खोलीकडील अंगास दिसलें तर हवेची. पहिल्या प्रसंगीं गच्चीची गळती, नळाची फूट किंवा जोत्याची ओल शोधल्यावांचून डबा उघडणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय.

ज्यांना दिवाळी साधावयाचीच आहे त्यांच्यासाठीं चुना आहे, आणि हल्लीं त्याची जितकी उपेक्षा होते तितका तो खचित हीन नाहीं. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तिच्यांतील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कळीचा चुना होतो. पाण्यांत तो विरतो. आणि भिंतीवर लावल्यावर हवेंतील तोच वायु शोषून घेऊन पुन्हां चुनखडी बनतो. हा थर सच्छिद्र असल्यामुळें भिंतींतील ओलीला बाहेर जाण्यास वाट राहते. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यानें त्यावर बुरशीहि सहज धरत नाहीं. दोष इतकाच कीं टेकल्यास अंगाला पांढरें लागतें आणि भिंत धुतां येत नाहीं. शिवाय पुढें त्यावर इमल्शन द्यावयाचें झाल्यास चुना खरवडून काढावा लागतो, हें आधींच ध्यानांत घ्यावें. डिस्टेंपरचें स्थान ह्या दोहोंच्या मधलें. इमल्शनचा थर सलग बसतो. त्यावरील मुलांच्या हातांचे डाग पुसले जातात, पण ओली भिंत त्याच्याखालीं गुदमरते. तेव्हां इमल्शन लावावयाचें तर पौषांत किंवा पुढें, आणि गिलावा नवा असेल तर पाणी मारणें संपल्यावर निदान महिनाभर थांबून. नव्या सिमेंटांतील अल्क तेलरंगाचा तर अक्षरशः साबण करून टाकतो.

डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि धुंदलवाडीच्या आसपास अनेक घरांना तडे गेले. ह्या भागांत रंगारी येण्यापूर्वीं भिंत नीट निरखणें अवश्य आहे. केसासारखी, गिलाव्यापुरती चीर लांबी भरून बुजते. परंतु खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनीं चढणारी किंवा भिंतीच्या दोन्ही अंगांस दिसणारी चीर ही रंगाऱ्याची नव्हे, इंजिनिअरास दाखवावयाची. तिच्या दोन्ही कडांवर पेन्सिलीनें खुणा करून तारीख लिहावी व कांहीं आठवडे अंतर मोजीत राहावें. अंतर वाढत असेल तर रंगानें केवळ रोग झांकला जाईल.

दुसरें भय जुन्या तेलरंगाचें. दारें, खिडक्या व गज ह्यांच्या रंगांत पूर्वीं सफेता किंवा शेंदूर, म्हणजे शिशाचीं संयुगें, पुष्कळदां असत. घरगुती रंगांत शिसें दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें, असा नियम भारतांत २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगाविषयीं संशयच धरावा. असा रंग कोरडा ठेवून काचकागदानें घासला कीं धूळ घरभर पसरते. ती रांगत्या मुलांच्या हातांवाटे तोंडांत जाते, आणि शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो. त्याची कोणतीहि मात्रा निर्धोक मानीत नाहींत. पृष्ठभाग ओला करून घासावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावें, आणि धूळ झाडूनें न लोटतां ओल्या फडक्यानें टिपावी.

इतकें झाल्यावर छटेचा प्रश्न, ज्यावरून घरोघरीं वाद होतात. पत्रिकेवरची बोटभर चौकट चार भिंतींवर पसरली म्हणजे अधिक गडद भासते. म्हणून दोन फूट चौरस नमुना प्रत्यक्ष भिंतीवर लावून तो सकाळीं, तिसऱ्या प्रहरीं व दिव्याच्या उजेडांत पाहावा. चिकूची वाडी खिडकीशीं असली तर पानांवरून परतणारा उजेड हिरवट असतो. निळसर पांढरा रंग तेथें निस्तेज दिसतो, तर पिवडीची किंचित् झांक असलेला प्रसन्न दिसतो. गडद रंगहि सर्वस्वीं वर्ज्य नाहीं. ह्याच तालुक्यांतील वारल्यांच्या कुडाच्या घरांत गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ अंधाऱ्या खोलींतहि ठळक उठते. लग्नाचा चौक सवाशिणी ह्याच रीतीनें लिहितात, आणि कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे ह्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली ती ह्याच चित्रकलेसाठीं. शहरी घरांत हीं चित्रें चकचकीत भिंतीवर काढविण्याची हौस दिसते; तेथें तीं खुलत नाहींत. एखादी भिंत गेरूच्या मंद रंगाची ठेवून ती वारली चित्रकाराकडूनच लिहवून घेणें बरें.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट भरतात. एक दार व दोन खिडक्या मिळून सुमारें ५० वजा केल्यास ३९० उरतात, दोन हातांचे ७८०. डब्यावर एका हातासाठीं लिटरास १३० चौरस फूट लिहिले असतील तर सहा लिटर रंग पुरतो. तो सर्व एकाच वेळीं आणावा, कारण दुसऱ्या खेपेस छटा तंतोतंत जुळेलच असें नाहीं. आणि तळाशीं उरलेला रंग घट्ट झांकून, छटेचा क्रमांक कपाटाच्या दाराच्या आंतल्या अंगास लिहून ठेवावा.