खोडरबर निवडताना कागद पाहा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी सुरू झाली की घरोघरी रंगपेटीची चौकशी होते आणि नवे ब्रश येतात. खोडरबर मात्र कंपासपेटीत पडलेला असेल तोच चालवला जातो. कला संचालनालयाच्या या परीक्षांत स्मरणचित्र असो, संकल्पचित्र असो की वस्तूंवरून काढायचं चित्र, आधी पेन्सिल चालते आणि मग रंग. देऊळगाव राजातल्या मुलाला स्मरणचित्रात जत्रा काढायची असेल तर बालाजी महाराजांची यात्रा त्याच्या डोळ्यांसमोर येते. पाळणे, दुकानं, माणसांची गर्दी, म्हणजे पन्नास आकृत्या आणि तितक्याच दुरुस्त्या. असं चित्र पुष्कळदा बिघडतं ते रेखाटन आणि रंग यांच्या मधल्या खोडण्यात. म्हणूनच खोडरबराबद्दलच्या काही समजुती तपासायला हव्यात.

‘जोर लावल्याशिवाय रेघ जात नाही’ ही सगळ्यांत जुनी समजूत. पेन्सिलीत शिसं नसतं. ग्राफाइट आणि माती यांचं मिश्रण असतं. रेघ ओढली की ग्राफाइटचे बारीक पापुद्रे कागदाच्या तंतूंत अडकतात. रबराला ते कागदापेक्षा जास्त चिकटतात आणि रबराच्या चुऱ्याबरोबर निघून जातात. मऊ रबर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवलं तरी काम होतं. जोर लावला की ग्राफाइट उलट तंतूंत खोल दाबलं जातं. रेघ पुसण्याच्या रबराच्या गुणाची नोंद १७७० साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने केली, आणि तीही यथार्थदर्शन कसं रेखाटावं यावरच्या पुस्तकात. तेव्हा लंडनमध्ये अर्ध्या इंचाच्या तुकड्याला तीन शिलिंग पडत. त्याआधी चित्रकार शिळ्या पावाचा मऊ गर वापरत.

दुसरी समजूत अशी की पांढराशुभ्र, महागडा खोडरबर कशालाही चालतो. आज दुकानात मिळणारे पांढरे खोडरबर बहुधा झाडाच्या रबराचे नसून व्हिनाइल प्लॅस्टिकचे असतात. त्यात मऊपणासाठी तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. सरळ, स्वच्छ रेघ पुसायला त्याला तोड नाही. भूमितीच्या आकृतीत जास्तीची रेघ काढायची तर त्याचा कोपरा ब्लेडने तिरका कापून घ्यावा, शेजारची रेघ शाबूत राहते. पण ४बी किंवा ६बीने केलेल्या दाट छटेवर तोच फिरवला तर ग्राफाइट निघण्याआधी पसरतं आणि राखाडी डाग पडतो. खोडरबरावर लिहिलेल्या ‘नॉन-डस्ट’ याचा अर्थही चुरा पडत नाही असा नव्हे. चुरा एकत्र वळून त्याच्या वळ्या होतात, त्यामुळे तो झटकणं सोपं जातं. झटकायचा तो कोरड्या ब्रशने. तळहाताने झटकला तर हाताचा घाम आणि तेल कागदाला लागतं, आणि पुढे रंग तिथे धरत नाही.

आता सर्वांत महाग पडणारी समजूत: ‘थोडं खरवडलं गेलं तरी रंगाखाली झाकलं जाईल.’ झाकलं जात नाही, उठून दिसतं. चित्रकलेच्या कागदाला पाणी एकदम शोषू नये म्हणून खळ दिलेली असते. कडक खोडरबर दोन-चारदा एकाच जागी घासला की ती खळ निघते, तंतू उभे राहतात. वर जलरंगाचा हात दिला की तेवढी जागा रंग अधाशासारखी पिते आणि आकाशाच्या मधोमध गडद ठिपका उमटतो. तो नंतर काढता येत नाही, आणि परीक्षेत दुसऱ्या कागदावर नव्याने सुरुवात करायला वेळ नसतो. ‘एच पेन्सिल फिकट, म्हणून सहज पुसली जाते’ हा त्याचाच जोडगैरसमज. कठीण टोक दाबून चालवलं तर कागदात चर पडतो. ग्राफाइट पुसलं तरी चर राहतो आणि त्यावर शेडिंग केलं की पांढरी रेघ होऊन वर येतो. कच्चं रेखाटन एचबी किंवा २बीने, पेन्सिल लांब धरून, अगदी हलकं करावं. नको असलेल्या रेघा रंग लावण्याआधीच पुसाव्यात, कारण वाळलेल्या जलरंगाखालची रेघ अडकून बसते.

लाल-निळ्या खोडरबराच्या निळ्या टोकाने शाई पुसली जाते, असं शाळेत प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्या टोकात खरखरीत भुकटी असते आणि ती शाईसकट कागदाचा वरचा थर खरवडते. चित्राच्या कागदाजवळ हे टोक आणूच नये.

मळायचं रबर, म्हणजे दुकानदार ज्याला ‘निडेबल’ म्हणतो ते, चित्रकला शिकवणाऱ्यांच्या हातात दिसतं. त्यामुळे सगळ्या अडचणींवरचा उपाय तोच, असं मुलांना वाटतं. देऊळगाव राजातल्या प्रत्येक दुकानात ते मिळेलच असं नाही, मग जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून मागवलं जातं आणि ठसठशीत रेघ त्याने जात नाही म्हणून निराशा होते. ते घासायचं नसतं. कणकेच्या गोळ्यासारखं मळून, टोक काढून कागदावर टेकवायचं आणि उचलायचं. दर वेळी थोडं ग्राफाइट निघतं, छटा एकेक पायरी फिकी होते आणि कागदाची खळ शाबूत राहते. रंग देण्याआधी सगळं रेखाटन फिकं करायला यासारखं साधन नाही. माझं मत स्पष्ट आहे: एकच जादा वस्तू घेणं परवडत असेल तर ती हीच घ्यावी.

‘चांगला चित्रकार खोडत नाही’ हे वाक्य तर मुलांना घाबरवण्यापलीकडे काही करत नाही. शेजारच्या सिंदखेड राजाला लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर वही घेऊन बसलेल्या मुलाने दगडावरचं ऊन दाखवायचं कसं? कोळशाने किंवा मऊ पेन्सिलीने आधी सगळी भिंत मध्यम छटेत भरावी आणि जिथे ऊन पडलंय तिथे रबराने उजेड काढत जावं. पितळी तांब्यावरची चकाकी पांढऱ्या खोडरबराच्या धारदार कोपऱ्याने एका फटक्यात येते. इथे खोडरबर पेन्सिलीइतकाच चित्र काढत असतो.

राहता राहिली निगा. पांढऱ्या खोडरबरावरचं कागदी वेष्टन मुलं पहिल्याच दिवशी फाडून टाकतात. ते शोभेचं नाही. खोडरबरातलं मऊपणाचं द्रव्य प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा पट्टीत उतरतं, दोन्ही विरघळून एकमेकांना चिकटतात. वेष्टन ही त्यातली आडभिंत असते. मळायचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर ठेवलं तर चिकट होतं, म्हणून त्याला झाकणाची डबी आणि सावलीची जागा लागते. मळून मळून ते पुरतं काळं पडलं की धुऊन उपयोग होत नाही, नवं घ्यावं लागतं.