एक ध्वनिक्षेपक, अनेक प्रवर्धक

झाशीच्या ज्या गणेश मंदिरात 1842 साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, तेथे भजन चालले आहे अशी कल्पना करू. पखवाजावर जोराची थाप पडते आणि त्याच क्षणी ध्वनिक्षेपकातून येणारा टाळांचा नाद फाटतो. दोष टाळकऱ्यांचा नाही. मग तो कोणाचा?

मानवी कानाला साधारणपणे 20 ते 20,000 हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. एवढी व्याप्ती एका पडद्याला पेलत नाही. म्हणून ध्वनिक्षेपकाच्या पेटीत खर्जासाठी मोठा वूफर आणि तीव्र स्वरांसाठी लहान ट्वीटर बसवितात. नेहमीच्या रचनेत दोहोंसाठी एकच प्रवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याने वाढविलेल्या संदेशाची वाटणी पेटीतील तारेची वेटोळी व धारित्रे करतात.

येथेच अडचण उद्भवते. समजा, पखवाजासाठी 20 व्होल्ट आणि टाळांसाठी 20 व्होल्ट शिखरदाब हवा आहे. दोन्ही शिखरे एकाच क्षणी आली, तर प्रवर्धकाला 40 व्होल्ट द्यावे लागतात. 8 ओहम रोधावर 20 व्होल्टांसाठी 25 वॉटचा प्रवर्धक पुरतो. 40 व्होल्टांसाठी मात्र 100 वॉटचा लागतो. तेवढी शक्ती नसली, की तरंगाचा माथा छाटला जातो व त्याबरोबर टाळांचा नादही विकृत होतो. शिवाय या छाटणीतून उपजणारे उच्च कंप्रतेचे तरंग ट्वीटरकडे जातात आणि त्याचे नाजूक वेटोळे जळू शकते.

यावर उपाय असा, की वाटणी प्रवर्धनाच्या आधीच करावी. मग वूफरला एक आणि ट्वीटरला एक, असे 25 वॉटचे दोन प्रवर्धक पुरतात. खर्ज छाटला गेला, तरी टाळ निर्मळ राहतात. अशा विभाजनाची एक सुघड पद्धत झीगफ्रीड लिंकवित्झ यांनी 1976 साली मांडली. रस रायली या सहकाऱ्यासह ती आज दोघांच्या नावाने ओळखली जाते.

तथापि, एक सावधगिरी बाळगावी. पेटीतील जुनी वाटणी तशीच ठेवून नुसता दुसरा प्रवर्धक जोडल्यास लाभ अल्पच होतो. कारण दोन्ही प्रवर्धकांना पूर्ण संदेशच वाढवावा लागतो. तात्पर्य, प्रवर्धकांच्या संख्येपेक्षा वाटणी कोठे होते, याला अधिक महत्त्व आहे.