सातबारा एका पडद्यावर, अहवाल दुसऱ्यावर

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कळंबसारख्या गावात जमिनीचा व्यवहार ठरला की आधी वकील मालकीचा शोध घेतो. साधारण तीस वर्षांचे फेरफार तपासायचे आणि त्यावर अहवाल लिहायचा. असे अहवाल घरी बसून टाइप करून देणाऱ्याला एक मॉनिटर पुरत नाही.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. हेलपाटे वाचले, पण वाचनाचा सगळा भार पडद्यावर आला. नमुना सातमध्ये खातेदार, क्षेत्र, आकार, कुळ, इतर अधिकार आणि जुन्या फेरफारांचे क्रमांक दाटीवाटीने बसलेले असतात. त्याच्या शेजारी अहवालाची फाइल उघडली की अक्षरं मुंगीएवढी होतात. एकामागे एक ठेवली, तर आकडा डोक्यात धरून फाइल बदलावी लागते, आणि चूक होते ती इथेच. ०.४०.५० म्हणजे चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. त्याऐवजी ०.४५.०० टाइप झालं, तर ४५० चौरस मीटर जमीन कागदावर आपसूक वाढते!

दुसऱ्या मॉनिटरची जोडणी तशी सोपी. सीपीयूच्या मागे एचडीएमआय आणि व्हीजीए अशी दोन्ही सॉकेट असतील, तर नवा मॉनिटर पहिल्यावर, माळ्यावरचा जुना चौकोनी दुसऱ्यावर. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर दोन्ही केबल कार्डालाच लावाव्यात. मदरबोर्डवरची सॉकेट अशा वेळी बहुधा बंद असतात. सीपीयूला व्हीजीए नसेल, तर नुसती केबल आणून भागत नाही. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल, व्हीजीएचा अ‍ॅनालॉग. मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

मग विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचं. ‘डुप्लिकेट’ राहिलं, तर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं आणि खटाटोप वाया जातो.

खरं कसब पुढे आहे. नवा पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा, जुना १२८० बाय १०२४. सेटिंगमध्ये १ आणि २ असे चौकोन दिसतात. त्यांच्या वरच्या कडा जुळवल्या, तर मोठ्या पडद्याच्या तळाशी ५६ पिक्सेलची पट्टी उरते. तिथून माउस पलीकडे न्यायला गेलं की बाण कडेला अडू शकतो, आणि माणूस माउसला दोष देतो. मॉनिटर टेबलावर जसे खालीवर ठेवलेत, तसेच चौकोन सरकवले की ती अडचण बरीचशी सुटते. नेमकी हीच पायरी बरेच जण गाळतात. ज्यावर टाइप करायचं तो मॉनिटर समोर, उतारा बाजूला. दोन्हींच्या मधोमध बसलं तर मान दिवसभर तिरकी राहते.

पावसाळ्यात या भागात वीज जाते-येते, म्हणून सीपीयूबरोबर दोन्ही मॉनिटर यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला जोडणं बरं. लेझर प्रिंटर मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटवर: तो तापताना एवढी वीज ओढतो, की घरगुती यूपीएसला ती झेपत नाही.