ग्राफिक्स कार्डाची नाडी किती वाढवावी?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. एका तातडीच्या रुग्णासाठी रात्री रुग्णालयात जावे लागले होते. घरी परतले तेव्हा पावणेदोन वाजले होते. मुलाच्या खोलीत दिवा सुरू होता आणि दाराबाहेरूनही पंख्याची घरघर ऐकू येत होती. आत पाऊल टाकले तर भट्टीपुढे उभे राहिल्यासारखे वाटले.

"अरे, अजून जागाच?"

"आई, पाचच मिनिटं. कार्ड ओव्हरक्लॉक केलंय, टेस्ट सुरू आहे."

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा चमकत होता : ८४ अंश सेल्सिअस. जन्मभर थर्मामीटरवर ३८ आणि ३९ वाचणाऱ्या बाईला धडकी भरायला तेवढे पुरे होते. पण तो शांत होता. "एवढं चालतं गं त्याला," म्हणाला.

नवे औषध हाती आले की आम्ही डॉक्टर दोन प्रश्न विचारतो : फायदा किती आणि धोका काय? तेच दोन प्रश्न मी सकाळी त्याला विचारले. उत्तर शोधताना मलाही बरेच शिकायला मिळाले. अलीकडे ओपीडीत "डॉक्टर, मुलगा कॉम्प्युटरचं काहीतरी वाढवतो म्हणतो, स्फोट तर होणार नाही ना?" असे विचारणारे पालक भेटतात. त्यांच्यासाठी हा लेख.

म्हणजे नेमके काय वाढवतात?

ग्राफिक्स कार्डावरच्या मुख्य चिपला जीपीयू म्हणतात. माझ्या मुलाकडे आरटीएक्स ३०६० हे कार्ड आहे. त्याच्या चिपमध्ये साडेतीन हजारांहून अधिक छोटी गणनकेंद्रे आहेत. ती सगळी एका ठोक्यावर काम करतात. हा ठोका म्हणजे क्लॉक, चिपची नाडी म्हणा हवे तर. आपली नाडी मिनिटाला ७२, तर या कार्डाची भरात असताना सेकंदाला सुमारे १७८ कोटी. कंपनीने ठरवलेल्या ठोक्यापेक्षा तो आपण वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. चिपचा ठोका वाढवता येतो तसा कार्डावरच्या मेमरीचाही वाढवता येतो. त्यासाठी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यात एक पट्टी उजवीकडे सरकवली की झाले.

कार्ड जळते का?

सॉफ्टवेअरची पट्टी थोडी सरकवल्याने आजचे कार्ड जळून जाण्याची शक्यता फार कमी. शरीरात ताप, रक्तदाब, श्वास यांवर सतत पहारा असतो. कार्डातही तसा असतो. मुलाचे कार्ड ८३ अंशांच्या आसपास आले की स्वतःच ठोका आवरू लागते. ९३ अंश ही कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे. व्होल्टेजही ठराविक मर्यादेपलीकडे वाढवू दिले जात नाही. ठोका फारच वाढवला तर पडद्यावर रंगीत ठिपके येतात, गेम बंद पडतो किंवा संगणक पुन्हा सुरू होतो. मूळ सेटिंगवर आणले की बहुतेक वेळा सगळे ठीक होते. म्हणजे ८४ अंश पाहून मला भरलेली धडकी अनाठायी होती. मुलाचे बरोबर होते.

धोका वाढतो तो हा पहारा उठवल्यावर. काही जण कार्डाच्या आतला मूळ प्रोग्रॅम बदलून व्होल्टेज आणि विजेच्या मर्यादा काढून टाकतात. इथे एक साधे गणित लक्षात ठेवावे. चिप खाते ती वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका १० टक्के आणि व्होल्टेज ५ टक्के वाढवले, तर वीज सुमारे २१ टक्के वाढते. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते.

झीज वेगळीच. चिपमधल्या धातूच्या अतिसूक्ष्म तारांतून सतत विद्युतप्रवाह वाहतो तेव्हा धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात, पुराच्या पाण्याने काठची माती सरकावी तसे. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. प्रवाह आणि तापमान वाढले की तारेचे आयुष्य किती झपाट्याने घटते, याचे सूत्र जेम्स ब्लॅक या अभियंत्याने १९६०च्या दशकातच मांडले होते. आपल्या रक्तदाबासारखेच हे. एका दिवसाच्या वाढीने काही होत नाही, वर्षानुवर्षांची वाढ रक्तवाहिन्यांना भोवते.

मग फायदा किती?

मुलाने अभिमानाने आकडा सांगितला. त्याच्या आवडत्या गेममध्ये सेकंदाला ६२ चित्रे दिसत होती, ती आता ६६ झाली होती. मी कागदावर मांडून पाहिले. ६२ चित्रे म्हणजे प्रत्येक चित्राला सुमारे १६.१ मिलिसेकंद, ६६ म्हणजे सुमारे १५.२. कमाई एका मिलिसेकंदाहूनही कमी. डोळ्याला काही दिसून बोटाने बटण दाबेपर्यंत निरोगी तरुणाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. आदल्या रात्रीची झोप झाली नसेल तर आणखी जास्त. रात्री दोनपर्यंत जागून कमावलेला तो एक मिलिसेकंद दुसऱ्या दिवशी पेंगुळलेल्या बोटांनी कित्येक पटींनी गमावलेला असतो.

पूर्वी असे नव्हते. जुनी कार्डे एका ठराविक ठोक्यावर चालत आणि त्यांच्यात बरीच ताकद शिल्लक राहत असे. २०१२ पासून कार्डे स्वतःच आपले तापमान आणि वीज पाहून ठोका वर चढवू लागली. म्हणजे ज्या राखीव ताकदीसाठी आपण पट्टी सरकवतो, तिचा बराचसा भाग कार्डाने आधीच वापरलेला असतो. उरते ती ५-७ टक्क्यांची, फार तर १० टक्क्यांची मजल. ४० चित्रांवर अडखळणारा गेम त्याने ६०वर जात नाही. गेमच्या सेटिंगमध्ये सावल्यांचा दर्जा एक पायरी खाली आणला, तर त्याहून जास्त फरक पडतो.

आणि नाडी वाढली म्हणजे काम वाढतेच असेही नाही. हृदयाचा ठोका ७० वरून ११० झाला तर शरीराला जास्त रक्त मिळते. पण तो १७०-१८० च्या पुढे गेला, तर दोन ठोक्यांमध्ये हृदय नीट भरतच नाही आणि बाहेर पडणारे रक्त उलट घटू शकते. अशा रुग्णांना आम्ही ठोका कमी करणारे औषध देतो. महागड्या कार्डांतल्या जीडीडीआर६एक्स मेमरीचे असेच होते. तिचा ठोका मर्यादेबाहेर नेला की चुका होतात, त्या ओळखून ती तीच माहिती पुन्हा पाठवते. पडद्यावर सगळे ठीक दिसते, आकडा वाढल्याचे समाधान मिळते आणि वेग मात्र कमी झालेला असतो.

न दिसणारी चूक

मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचा प्रकल्प होता छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारा प्रोग्रॅम. दिवसा या प्रकल्पाचे गणित आणि रात्री गेम, दोन्ही त्याच एका कार्डावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते गणित दोन-तीन तास चालून बिघडू लागले. आकड्यांच्या जागी 'हा आकडाच नाही' असा निरोप यायचा. चार दिवस त्याने आपल्या प्रोग्रॅममधली चूक शोधली. जेवायला बोलावले तर चिडायचा. पाचव्या दिवशी त्याने कार्डाची मेमरी मूळ ठोक्यावर आणली आणि तोच प्रोग्रॅम रात्रभर बिनतक्रार चालला.

गेममध्ये एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर पुढच्या क्षणी तो पुसला जातो. गणितात तीच चूक पुढच्या प्रत्येक पायरीत मिसळते. मोठ्या संगणककेंद्रांतल्या कार्डांत अशा चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. घरगुती कार्डांत ती सहसा नसते. २०२० मध्ये कोविडच्या काळात 'फोल्डिंग ॲट होम' या प्रकल्पाला जगभरच्या लोकांनी, त्यात अनेक गेमर होते, विषाणूच्या प्रथिनांच्या अभ्यासासाठी आपापल्या संगणकांची ताकद दिली. अशा कामात अस्थिर ओव्हरक्लॉक म्हणजे वाया गेलेले गणित.

मुलाचे गणित निदान बंद तरी पडले. बंद न पडता किंचित चुकले असते तर? हा प्रश्न मी विचारण्याआधी त्यानेच विचारला, याचा मला आनंद झाला. सरांकडे दोन दिवस मुदत मागून त्याने आधीचे सगळे निकाल टाकून दिले आणि पुन्हा काढले. बहुतेक आकडे जवळपास तसेच आले. एक आला नाही. तो आकडा न्यूमोनिया असूनही 'नाही' म्हटलेल्या रुग्णांचा होता. माझ्या वॉर्डातली प्रत्येक खाट त्या आकड्याच्या मागे मला दिसली.

खोलीचा ताप

आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. खोलीतली हवा १० अंशांनी तापली, तर पंखे तसेच असताना कार्डही जवळपास तितकेच जास्त तापते. जानेवारीत नीट चालणारे ओव्हरक्लॉक मेमध्ये कोसळते ते यामुळे. हे कार्ड एकटेच भरात १७० वॅट वीज खाते. बाकीचा संगणक धरला तर बंद खोलीत सतत सुरू असलेला छोटा हीटरच तो. त्या हवेत झोपणाऱ्याला झोप लागत नाही, घाम जातो, सकाळी डोके दुखते. माझ्या मुलाच्या डोकेदुखीचे कारण एवढेच होते.

यावर उपाय म्हणून काही मुले कॅबिनेटचे झाकण काढून कूलरचा झोत थेट कार्डावर सोडतात. हे मात्र कदापि करू नये. त्या हवेत पाण्याचे तुषार असतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार. कूलरचा शॉक लागलेले रुग्ण दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. ओले हात, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेला धातूचा डबा यांची भेट घडवून आणू नका. संगणकातला पॉवर सप्लायचा डबाही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये काही काळ घातक दाबाची वीज साठलेली राहू शकते.

करायचेच असेल तर

आधी कारणावर उपचार करावा. कार्डाची आणि कॅबिनेटची धूळ काढा, हवा खेळती ठेवा, अर्थिंग तपासून घ्या. कार्ड वॉरंटीत असेल तर तिच्या अटी वाचा. पॉवर सप्लाय कार्डाला पुरेशा ताकदीचा आणि चांगल्या प्रतीचा आहे ना, ते पाहा. मग औषधाचा डोस वाढवतात तसे, थोडे थोडे वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, चिपचा ठोका किंवा मेमरीचा. प्रत्येक पायरीवर अर्धा-पाऊण तास चाचणी घ्या आणि वेग खरोखर वाढला का ते मोजा. ठिपके दिसले किंवा वेग घटला तर दोन पायऱ्या मागे या. मूळ प्रोग्रॅम बदलण्याच्या फंदात पडू नका. आणि ज्या कार्डावर अभ्यासाचे किंवा कामाचे गणित चालते, ते त्या वेळी मूळ ठोक्यावरच ठेवा.

याहून मला पटलेला उपाय उलटा आहे. त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. ठोका जवळपास तोच ठेवून व्होल्टेज थोडे कमी करायचे. वर सांगितलेले वर्गाचे गणित इथे आपल्या बाजूने काम करते. चाचणी इथेही हवीच, कारण व्होल्टेज फार कमी झाले तरी चुका होतात. पण जमले तर वेगात फारसा फरक न पडता उष्णता आणि आवाज दोन्ही उतरतात.

मुलाने शेवटी तेच केले. आता त्या कोपऱ्यात ७१ हा आकडा दिसतो आणि दाराबाहेर पंखा ऐकू येत नाही. गेम अजूनही खेळतो. परवा रात्री साडेअकराला त्याच्या खोलीतला दिवा बंद होता. मी दार हळूच लोटून पाहिले, तर तो गाढ झोपला होता.