पोथी आणि कुदळ : विदर्भाच्या मूळ रहिवाशांचा शोध

आपल्या तिवसे तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, हे येथे कोणास सांगावयास नको. भीष्मक राजाची ही राजधानी, रुक्मिणीचे हे माहेर, आणि येथूनच श्रीकृष्णाने तिचे हरण केले, हे आपण लहानपणापासून कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. आषाढीला पंढरपुरास जाणारी रुक्मिणीमातेची पालखीही येथूनच निघते. परंतु या कथेच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालत नाही. या भूमीत गावे वसविणारे पहिले लोक कोण? ते बाहेरून आले की येथलेच? या प्रश्नामागे ज्यांनी आयुष्य वेचले अशा एका संशोधकाची, डॉ. शांताराम भालचंद्र देव यांची, ओळख आज आपण करून घेणार आहोत.

प्रश्न आपल्यापुरताच आहे असे मात्र नव्हे. प्राचीन इस्राएल लोकांविषयी हाच वाद पश्चिमेकडे शंभर वर्षे चालला आहे. त्यांचा धर्मग्रंथ सांगतो की, हे लोक मिसर देशातून बाहेर पडले, वाळवंटात हिंडले आणि शेवटी यहोशवाच्या नेतृत्वाखाली कनान देश जिंकून तेथे राहिले. यरीहो शहराचा तट कोसळल्याची कथा त्यातलीच. गार्स्टँग या संशोधकाने 1930 नंतर यरीहो खणले व पडलेला तट सापडला असे जाहीर केले. पुढे 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केनियन या विदुषीने तीच जागा अधिक काळजीने, थर न थर वेगळा करून तपासली. तो तट यहोशवाच्या मानलेल्या काळाहून सुमारे हजार वर्षे जुना निघाला! कथा खोटी ठरावी म्हणून बाईंनी खणले नव्हते. मातीने जे सांगितले ते त्यांनी लिहून ठेवले, इतकेच.

मग इस्राएल लोक आले कोठून? मिसरच्या मेर्नेप्ताह राजाचा एक शिलालेख 1896 साली सापडला. तो इ. स. पूर्व 1208च्या सुमाराचा असून त्यात इस्राएल हे नाव एका लोकसमूहाचे म्हणून आले आहे. म्हणजे तोपर्यंत हे लोक तेथे होते. 1967 नंतर तेथील डोंगराळ प्रदेशाची पायी पाहणी झाली, तेव्हा इ. स. पूर्व 1200 ते 1000 या काळातील शेकडो लहान खेड्यांचा माग लागला. त्यांची मडकी कनानी मडक्यांच्याच घराण्यातली. इस्राएल फिंकेलस्टाईन यांनी 1988 साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. हे लोक बहुतांशी त्याच देशातले होते, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात. अर्थात वाद अजून मिटलेला नाही.

आता आपल्याकडे वळू. विदर्भाचे नाव फार जुने आहे. ऐतरेय ब्राह्मणात विदर्भाच्या भीम राजाचा उल्लेख येतो. बृहदारण्यक उपनिषदातील गुरुपरंपरेत विदर्भीकौंडिन्य असे एका आचार्याचे नाव आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाचे दोन भाग होतात आणि त्यांची सीमा ठरते वरदा, म्हणजे आपली वर्धा. पोथीचा साक्षीपुरावा असा भरपूर आहे. उणीव होती ती मातीच्या साक्षीची.

ही माती कोठे मिळते? वऱ्हाडातील प्रत्येक शेतकऱ्यास ते ठाऊक आहे. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. घरे पडतात, त्यांच्या भिंतींची माती तेथेच बसते, वर नवी घरे उठतात. चुलीची राख, फुटकी मडकी, जनावरांची हाडे त्यात मिसळतात आणि शेकडो वर्षांत टेकाड तयार होते. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, वरचा त्याहून नवा. उत्खनन म्हणजे हे थर एकमेकांत न मिसळू देता वरून खाली वाचीत जाणे. जळके लाकूड सापडले तर त्यातील कार्बन-14 मोजून वय काढता येते. ते नसेल तर खापरांच्या घडणीवरून व नाण्यांवरून अंदाज बांधावा लागतो.

कौंडण्यपूरच्या टेकाडाला कुदळ लागली ती 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. हे काम डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. त्यापूर्वी त्यांनी त्रिपुरी व सिरपूर येथे उत्खनने केली होती, आणि प्राचीन मणी व काच या विषयांत त्यांचा अधिकार मोठा होता. त्यांचा अहवाल महाराष्ट्र शासनाने 1968 साली प्रसिद्ध केला. येथे वरच्या थरांत सातवाहनकालीन वस्ती मिळाली आणि तिच्या खाली काळ्या-तांबड्या खापरांची त्याहून जुनी वस्ती मिळाली. ही खापरे आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी असतात. भीष्मकाचा राजवाडा मात्र मिळाला नाही.

ही काळी-तांबडी खापरे वापरणारे लोक कोण, याचा पाठपुरावा डॉ. देवांनी केला. त्यांची तयारी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, डॉ. हसमुख सांकळिया यांच्या हाताखाली झाली. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ जैन श्रमणसंघाच्या इतिहासावरचा, 1956 सालचा. म्हणजे हा मनुष्य आधी पोथीचा जाणकार होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नाशिक, जोर्वे, नेवासे, महेश्वर व नावडातोली येथील उत्खननांच्या अहवालांवर सांकळियांबरोबर त्यांचेही नाव आहे. पुढे नागपूर विद्यापीठात आल्यावर त्यांनी विदर्भातील शिलावर्तुळांचा प्रश्न हाती घेतला.

नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या भागांत माळरानावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे दिसतात. ती मृतांची स्मारके होत. नागपूरजवळील जुनापाणी येथे रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच काही वर्तुळे उकरली होती. परंतु थडगी तेवढी दिसत, ती बांधणारांची गावे दिसत नसत. त्यामुळे हे लोक घोड्यांवरून फिरणारे भटके असावेत, अशी समजूत बळावली. लेश्निक या अभ्यासकाने 1974 साली दक्षिणेतील अशा थडग्यांवर लिहिताना याच मताचा पुरस्कार केला.

देवांनी 1968-69 साली नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट व खापा ही जोड ठिकाणे खणली. खाप्यास वर्तुळे आणि टाकळघाटास त्याच लोकांची वस्ती! 1970 ते 1972 या काळात माहुरझरी येथे त्यांना लोखंडी हत्यारे, अकीकाचे मणी, सोन्याचे दागिने आणि मालकाबरोबर पुरलेल्या घोड्यांची हाडे मिळाली. घोड्याच्या तोंडावर घालावयाचा तांब्याचा साजही मिळाला. पुढे 1978 ते 1980 या काळात अ. प्र. जामखेडकर यांच्यासह त्यांनी नाईकुंड खणले. तेथे वर्तुळे होती, वस्ती होती आणि लोखंड गाळण्याची भट्टीही होती. ती इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची. धान्याचे जळलेले दाणेही तेथे मिळाले.

याचा अर्थ काय, तो पाहू. भट्टी खांद्यावर टाकून कोणी फिरत नाही. ज्यांच्या घरी धान्य साठते आणि ज्यांचा लोहार एका जागी बसून लोखंड गाळतो, ते लोक निदान काही प्रमाणात स्थिर शेतकरी होते, हे मान्य करावे लागते. घोड्यांचा त्यांना अभिमान होता, यातही शंका नाही. मात्र अभिमान घोड्याचा असला म्हणून मनुष्य भटका ठरत नाही. पोळ्याला बैल सजविणारा आपला कुणबी काय वर्षभर बैलाबरोबर हिंडतो?

ते आले कोठून, याचे एका शब्दात उत्तर आजही देता येत नाही. तथापि त्यांच्याही आधी येथे शेती होती. अमरावती जिल्ह्यातच तुळजापूर गढी येथे 1984-85 साली झालेल्या उत्खननात लोखंडापूर्वीच्या, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. चांदूर बाजार तालुक्यातील फुपगाव येथे 2018-19 साली पूर्णेच्या खोऱ्यात लोहयुगीन वस्ती मिळाली आणि तीत गोल घरांचे अवशेष दिसले. तेव्हा कोणी एक टोळी आली व तिने ओसाड देश वसविला, असे चित्र येथेही टिकत नाही. जुन्या वस्तीत नवे लोक, नवी विद्या, नवे देव मिसळत गेले, असे मानणे पुराव्याशी अधिक जुळते.

मग रुक्मिणीचे काय? भाविकांस हा प्रश्न बोचतो, आणि त्याचे उत्तर आपण सरळ दिले पाहिजे. उत्खननाने रुक्मिणी सिद्ध केलेली नाही व असिद्धही केलेली नाही. कोणा एका व्यक्तीचे नाव खापरावर लिहिलेले सापडेपर्यंत कुदळीला त्याविषयी बोलता येत नाही. कौंडण्यपूर ही इसवी सनापूर्वीची वस्ती आहे, एवढे मात्र ती ठामपणे सांगते. पालखीची श्रद्धा या पुराव्यावर उभी नव्हती, म्हणून ती त्याच्या अभावी पडण्याचेही कारण नाही. दोहोंची गल्लत केली म्हणजे दोहोंचे नुकसान होते. खापरे कथेला जुळावी म्हणून त्यांचा काळ मागे ढकलणारा आणि खापरे जुळत नाहीत म्हणून कथेची टवाळी करणारा, हे दोघेही माती वाचीत नाहीत.

शेवटी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. पांढरीची माती धाब्यावर घालण्यास उत्तम, शेतालाही चांगली, म्हणून ती गाड्या भरभरून नेली जाते. वर्तुळांचे दगड बांधाला आणि घराच्या पायाला जातात. यात कोणाची दुष्ट बुद्धी नसते, गरज असते. पण पोथीचे पान फाटले तर दुसरी प्रत कोठे तरी मिळते. टेकाडाची मात्र प्रत नसते. एकदा थर विस्कटला की पुढे कितीही मोठा पंडित आला तरी तो त्यास वाचता येणार नाही. नांगराला नाणे, मणी किंवा वेगळ्या घडणीचे खापर लागले, तर जागा लक्षात ठेवून तलाठ्यास किंवा शाळेतील मास्तरांस कळवावे, आणि पुरातत्त्व खात्यापर्यंत ते पोहोचेल असे पाहावे. मौल्यवान ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे 1878च्या कायद्याने बंधनकारकच आहे. आपले पूर्वज कोण होते याचे उत्तर अजून बरेचसे आपल्याच गावाच्या पांढरीत पडलेले आहे, आणि तिची राखण करणे हे गावाचेच काम आहे.