विमान वाट चुकले नाही

आमच्या आळीतल्या एका बाईंचा मुलगा मुंबईहून न्यूयॉर्कला निघाला. न्यूयॉर्क हे अमेरिकेतले मोठे शहर. विमान कुठवर गेले, ते नातीने फोनवरच्या नकाशात दाखवले. बाई घाबरल्या. तशाच माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, अमेरिका पश्चिमेला ना? मग विमान उत्तरेला का चाललंय? वाट तर चुकलं नाही?"

शंका रास्त होती. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ ओढा. ती अरबस्तान, इजिप्त आणि आफ्रिकेच्या वरच्या भागावरून जाते. मग अटलांटिक महासागर ओलांडते. हीच जवळची वाट, असे आपल्याला वाटते.

मी म्हटले, "वहिनी, घरात कलिंगड आहे का? चांगलं गोल बघून आणा. दोराही आणा."

कलिंगडाचा देठ वर धरला. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मधोमध कंबर, ते विषुववृत्त. कंबरेच्या थोडा वर चुन्याचा ठिपका दिला. ही मुंबई. पार पलीकडच्या अंगाला, आणखी थोडा वर, दुसरा ठिपका दिला. हे न्यूयॉर्क.

पहिल्यांदा दोरा पट्टीच्या रेघेसारखा, पोटाभोवतून नेला. तेवढ्या लांबीवर बोटाने खूण धरली. मग दोन्ही ठिपक्यांवर दोरा धरून ताणला. दोरा आपोआप देठाकडे सरकला, आणि हातात शिल्लक उरला!

"अगं बाई! वरून जवळ पडतंय की!" बाई म्हणाल्या.

पृथ्वीही अशीच गोल आहे. नकाशाचा कागद सपाट असतो. गोल वस्तू सपाट कागदावर मांडताना ती कुठेतरी ताणावीच लागते. म्हणून कागदावरची सरळ रेघ जमिनीवरची जवळची वाट असेलच असे नाही.

आता हिशेब पाहा. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ही वाट नॉर्वे, आइसलंड या थंड मुलखांवरून जाते. पट्टीच्या रेघेने गेले, तर १४,००० किलोमीटरहून जास्त पडते. विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. म्हणजे दीड तासाहून अधिक वेळ वाचतो. तेवढे इंधनही वाचते.

विमाने नेमकी याच रेषेवरून जातात असे मात्र नाही. समोरचा जोराचा वारा टाळावा लागतो. एखादा देश आपल्या आकाशातून जाऊ देत नाही. २०२५ साली पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हा त्यांना लांबून वळसा घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. तो सुखरूप पोचला होता. बाईंनी त्याला कलिंगडाची गोष्ट सांगितली.

तुम्हीही घरी हा प्रयोग करून पाहा. मुलांनाही दाखवा. मग कलिंगड कापून सगळ्यांनी खा.